गारपगाऱ्याची पाठ

ढग आधी मला दिसला, मग मी ढगाला दिसलो. दोघंही जरा थबकलो.

फाल्गुन सरत आला होता. मांडवखेडीच्या माळावर दुपार कलायला लागली होती आणि मी सोलर वीजकेंद्राच्या फाटकाशी खुर्ची टाकून तंबाखू मळत बसलो होतो. पश्चिमेला टेकडीच्या मागून भरताच्या वांग्याच्या रंगाचं काहीतरी डोकं वर काढून माळाकडं पाहत होतं. खालच्या अंगाला त्याला हिरवट झाक होती. हिरवट झाक म्हणजे पोटात गारा, ही खूण मला माझ्या आज्यानं सांगितली असं मी गावात सांगून ठेवलं होतं. खरं तर ती आमच्या इंजिनिअर काळमेघ मॅडमनी मला त्याच आठवड्यात सांगितली होती.

मॅडम फोन कानाला लावूनच ऑफिसातून बाहेर आल्या. ढगाकडं हनुवटी करून म्हणाल्या, "बुवा, हा तुमच्या ओळखीतला का?"

"तोंड पाहिल्यासारखं वाटते जी," मी म्हटलं. "याचा आजा माझ्या आज्याकडं येत असे."

मॅडम हसल्या, पण फोन काही खाली ठेवला नाही.

आता मी तिथं काय करत होतो हे सांगायला पाहिजे. आम्ही जातीचे गारपगारी, म्हणजे गारा अडवणारे. पूर्वी आमच्या यवतमाळकडं गावोगाव असा एक माणूस असे. गारांचा ढग चालून आला की त्यानं मारुतीसमोर त्रिशूळ रोवून उभं राहायचं आणि ढगाला आल्या वाटेनं परत लावायचं. पीक वाचलं तर सुगीला घरटी सूपभर धान्य मिळे. नाही वाचलं तर सूपभर शिव्या. माझा आजा भिकनाथ हा आमच्या भागातला शेवटचा आणि सगळ्यात जबरा गारपगारी. माझ्या बापानं ती विद्या घेतली नाही, तो एसटीत कंडक्टर झाला. त्यामुळं विद्या माझ्यापर्यंत पोचली नाही. गोष्टी मात्र पोचल्या, आणि ज्या पोचल्या नाहीत त्या मी घरीच तयार केल्या.

आज्यानं एकदा एका ढगाशी इतका वेळ वाद घातला की ढगाच्या घशाला कोरड पडली. तो पाणी प्यायला शेजारच्या तालुक्यात गेला आणि तिथली नदी पिऊन बसला. ती नदी अजून कोरडी आहे, जाऊन पाहा. दुसऱ्या एका वर्षी टरबुजाएवढी गार पडली. आज्यानं ती विळ्यानं कापली तर आत बिया निघाल्या. त्यानं त्या कोणाला पेरू दिल्या नाहीत, म्हणून आज आमच्याकडं कापूस होतो. नाहीतर बर्फच वेचायला लागला असता.

तर आमच्या माळावर सोलर आलं आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात गारांनी त्याचा चुरा केला. कितीतरी महिने सगळं बंद होतं. प्लेटा धुणाऱ्या आमच्या गावच्या बाया घरी बसल्या. पुन्हा नव्या प्लेटा आल्या तेव्हा कंपनीच्या साहेबानं साफ सांगितलं की आणखी एकदा असं झालं तर इथून गाशा गुंडाळू. गावानंही साहेबाला साफ सांगितलं की रानभर काचा मांडता आणि गारपगारी ठेवत नाही, मग दुसरं काय होणार. साहेब शहाणा होता, त्यानं मला ठेवून घेतलं. कागदावर मी वॉचमन, गावाच्या लेखी गारपगारी. पगार एकच.

माझ्या पाठोपाठ मॅडम आल्या. निशिगंधा काळमेघ, अमरावतीकडच्या, माझ्या नातीच्या वयाच्या इंजिनिअर. ढगापासून राखण करायला काळमेघच पाठवला म्हणून गाव आठवडाभर हसलं. मॅडमही हसल्या आणि कामाला लागल्या. त्यांनी मला सगळं समजावून दिलं. एकेका लांब पाइपावर प्लेटांची रांग बसवलेली असते आणि दिवसभर ती सूर्यफुलासारखी उन्हाच्या मागं फिरते. जोराचा वारा आला की प्लेटा आडव्या झोपवायच्या, म्हणजे वारा वरून निघून जातो. गारा आल्या की जवळजवळ उभ्या करायच्या, काच पलीकडं आणि पाठ ढगाकडं. मग गार काचेवर बसत नाही, पाठीवरून घसरून जाते.

"आन् वारा-गारा जोडीनं आले तं?" मी विचारलं होतं.

"तर मी ठरवायचं," मॅडम म्हणाल्या. "वाऱ्यानं एखादी रांग वाकली तर सरळ करता येते. काच फुटली की सगळंच गेलं."

हे मला पटलं. अडचण एवढीच होती की माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट नेमकी याच्या उलट होती.

जेवणाच्या सुट्टीत बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या की मी ती सांगत असे. गारपगारी ढगाला कधी पाठ दाखवत नाही. ज्यानं दाखवली त्याच्यावर ढग सात पिढ्या राग धरतो. पुरावा म्हणून मी आज्याच्या बंडीचा विषय काढत असे. माझा आजा भर वैशाखातही अंगातली बंडी काढायचा नाही, आंघोळसुद्धा दार लावून करायचा, हे गावातल्या म्हाताऱ्यांना पक्कं माहीत होतं. आता जी पाठ कधी ढगाला दाखवली नाही, ती आजा माणसांना कशाला दाखवेल? यावर बाया हटकून मान डोलवायच्या.

मग एके दिवशी मॅडमनी रंगीत तालीम घेतली. बटण दाबलं आणि माळावरच्या सगळ्या प्लेटांनी एका दमात पश्चिमेला पाठ केली. बायांनी हातातल्या बादल्या खाली ठेवल्या. नशीबही असं खट्याळ की त्याच आठवड्यात शेजारच्या गावात संत्र्याच्या बागांवर गारा पडल्या. झालं. तेव्हापासून धुणाऱ्या बायांची मुकादम बेबीनंदा हिनं मॅडमना बजावून ठेवलं होतं की हे असलं पुन्हा करायचं नाही.

मॅडम मला म्हणाल्या होत्या, "बुवा, तुमची ही गोष्ट एक दिवस मला फार महागात पडणार. सांगून टाका ना त्यांना, की ती नुसती गोष्ट आहे."

आता हे कसं सांगणार? एक टाका उसवला की सगळी गोधडी हातात येते. मी उद्या सांगतो म्हटलं, आणि तो उद्या काही आला नव्हता. त्याऐवजी ढग आला.

मॅडमचं फोनवर चाललं होतं ते मला ऐकू येत होतं. याआधी त्यांनी दोनदा, बाया घरी गेल्यावर, ढग पाहून प्लेटा फिरवल्या होत्या आणि दोन्ही वेळा ढग नुसता गुरगुरून गेला होता. उन्हाची वीज वाया गेली ती गेली. पलीकडचा कंपनीचा माणूस त्याचंच गाणं लावून बसला होता. मॅडमनी त्याचं गाणं पूर्ण होऊ दिलं, "ठीक आहे, जबाबदारी माझी," असं म्हणून फोन खिशात टाकला आणि आत जाऊन बटण दाबलं.

घुं घुं करत पूर्वेकडचा अर्धा माळ उभा राहिला. सभेत पाहुणा आल्यावर लोक उठतात तसा. मग टेकडीकडच्या रांगा हलायला लागल्या, आणि तेवढ्यात वाऱ्याचा असा एक दणका आला की माझी खुर्ची फाटकातून बाहेर गेली. ती पुढं मला पांढरकवड्याच्या बाजारात सापडली, पण ते जाऊ द्या. खांबावर चटचट झालं, ठिणगी उडाली आणि वीज गेली. टेकडीकडच्या रांगा अर्ध्या वाटेतच आडव्या राहिल्या, उताण्या झोपल्यासारख्या, काचा थेट आभाळाकडं करून. वीज गेल्यावर रांगा फिरवणाऱ्या त्या बाजूच्या बॅटऱ्या दुरुस्तीला गेलेल्या होत्या. आणि ढग टेकडी चढून नेमका त्याच बाजूनं उतरत होता.

मॅडमनी स्टोअरचं दार उघडलं आणि लोखंडी हँडलं भराभर बाहेर टाकली. प्रत्येक रांगेच्या मधोमध गुडघ्याएवढ्या उंचीवर एक डबा असतो, त्यात हँडल घालून फिरवलं की रांग हातानं उभी होते. पण रांगा होत्या माळभर, आणि आम्ही किती? मॅडम, एक वायरमन आणि मी, तोही तोंडाचाच.

बाया शेडमध्ये उभ्या होत्या. गार नरम पडावी म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणं खुरपी, विळे, होतं नव्हतं ते लोखंड अंगणात फेकलेलं होतं. मॅडमनी हँडल पुढं केलं. बेबीनंदानं हात पदराखाली घेतले.

"हात दुखते म्हणून नाई म्हणत, मॅडम," ती म्हणाली. "सांगान तं प्लेटा डोक्यावर घेऊन उभ्या राहू. पण ढगाले पाठ नाई दाखवत. तो चिडला तं मांगच्यासारखं आमच्याच चुलीवर येते. हे नाथबुवा इथंच उभे हायत. इचारा त्याहिले."

सगळ्या बायांनी माझ्याकडं पाहिलं. ढगानंही पाहिलं असावं, कारण गडगडला.

मॅडम माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बुवा, काहीतरी खोटं बोला. पण लवकर बोला."

जन्मात मला असं कोणी म्हटलं नव्हतं. बायकोपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांनी उलटंच सांगितलं होतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी पागोटं सारखं केलं.

"बायांनो," मी म्हटलं, "आजवर म्या तुमाले अर्धीच गोष्ट सांगितली. बाकीची अर्धी घराबाहेर काढाची नाई, अशी आज्याची ताकीद होती. पण आज इलाज नाई. आजा ढगाकडं तोंड करून उभा राहे, पण कवापर्यंत? लोकं पाहून राहिले तवापर्यंत. पहिली गार पडली, लोकायनं दारं लावली, की आजा गर्रकन फिरे. पाठ ढगाकडं करे आन् वाके. छातीवर पडलं तं आत जाते, पाठीवर पडलं तं घसरते. ढग मारून मारून थके आन् निंघून जाये. ही खरी विद्या."

"मंग बंडी?" मागून एकीनं विचारलं.

"बंडीच्या आत वळ होते, माय. ते दिसले असते तं गावानं धान्य देलं असतं का?"

बेबीनंदा माझ्याकडं डोळे बारीक करून पाहत होती. "आज्याची आन?"

"आज्याची आन," मी म्हटलं. आजा वर होता, तिथून काय बोलणार.

बेबीनंदानं हात पदराखालून बाहेर काढले. मग म्हणाली, "तरीच. माही आजेसासू सांगे, बुढा जेवाले बसला की भिंतीले टेकत नोता म्हणून."

हे मला कुठं माहीत होतं! पण मी अशी मान हलवली, जणू हाच मुद्दा आता माझ्या तोंडून निघणार होता. बेबीनंदानं पदर खोचला, मॅडमच्या हातातलं हँडल घेतलं आणि म्हणाली, "चला व. आज ढगाले पाठच दाखवू."

मग जी धावपळ झाली ती सांगायला माझ्यासारखासुद्धा कमी पडेल. हँडल फिरवायचं म्हणजे जातंच फिरवायचं, आणि त्यात आमच्या बायांना कोण शिकवणार? एका रांगेवरून जात्यावरची चाल सुरू झाली ती वाऱ्याच्या वर चढून पुढच्या रांगेनं उचलली. कोणाची रांग आधी उभी होते यावरून टोमणे सुरू झाले. मागं पडलेल्या एका नव्या सुनेला कोणीतरी विचारलं की माहेरी काय मिक्सरच होता का, तर ती म्हणाली मिक्सर होता, पण सासू नव्हती. आणि तिनं पुढच्या दोघींना मागं टाकलं. मॅडम या रांगेतून त्या रांगेत पळत होत्या, कोन पाहत होत्या, "बस, बस, आता पुढची," म्हणत होत्या. वायरमन तर मध्येच नाचला. एकेक रांग उठत गेली आणि ढगाकडं पाठ करून उभी राहिली.

शेवटची रांग माझी होती. ती तशीच होती, कारण मी बाजूच्या रांगेवरच्या बाईला आज्याचा आणखी एक प्रसंग सांगत होतो. मॅडमनी येऊन माझ्या हातातलं हँडल हिसकावलं, गुडघ्यांवर बसल्या आणि फिरवायला लागल्या. बाया उभ्या प्लेटांच्या आडोशाला गेल्या होत्या. पहिली गार माझ्या पायाशी पडली आणि उसळी घेऊन उडाली.

गार केवढी होती? लिंबाएवढी म्हटलं तर माझी अब्रू जाईल. नारळाएवढी होती.

आता इथं एक किरकोळ गोष्ट घडली. माझी तंबाखूची डबी पडली. ती उचलायला मी वाकलो. डबी नेमकी मॅडमच्या पलीकडं गेली होती, त्यामुळं वाकताना मी त्यांच्या वरून वाकलो, एवढंच. मॅडमची टोपी वाऱ्यानं कधीच नेली होती. माझ्या पाठीवर एक बसली, मग दुसरी बसली. मग मी मोजायचं सोडून दिलं.

खालून मॅडम ओरडल्या, "बुवा, आडोशाला जा. करताय काय?"

"डबी पडली जी. शोधून राहिलो."

"सापडली का?"

"तुमी फिरवा. मी शोधतो."

रांग उभी राहिली तसे आम्ही दोघं तिच्या पोटाशी सरकलो. मग माळावर असा आवाज झाला की जणू साऱ्या तालुक्यातल्या लग्नांचे ताशे आमच्याच दारात आणून बसवलेत. प्लेटांच्या पाठीवर गारा आदळत होत्या आणि घसरत होत्या. आदळत होत्या आणि घसरत होत्या. बाया कानावर हात ठेवून हसत होत्या. मॅडम हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही, आणि त्यांनाही कळलं नसावं.

मग ढग थकला. खरंच थकला. टेकडीच्या पलीकडं गडगडत गेला आणि मागं ऊन सोडून गेला. माळ पांढरा झाला होता. एक रांग वाऱ्यानं वाकली होती, कुठं कुठं एखाद्या काचेला तडा होता. बाकी सगळं उभं होतं, धुऊन पुसून चकाचक. बेबीनंदा म्हणाली की आजचं धुण्याचं काम ढगानंच केलं, तर आमची मजुरी त्याले देऊ नका म्हणजे झालं. बायांनी घमेल्यांत गारा गोळा केल्या, कोणाच्या डब्यात लिंबं निघाली, ऑफिसातली साखर आली, आणि धुवायच्या स्वच्छ बादलीत सरबत झालं. मॅडमनी फोन केला. हातानं एवढ्या रांगा कशा फिरवल्या असं तिकडून विचारलं असावं, कारण मॅडम सरबताचा घोट घेऊन म्हणाल्या, "स्थानिक पातळीवर समजूत काढण्यात आली."

संध्याकाळी मी घरी अंगणातल्या खाटेवर पालथा पडलो होतो. माझी सकूआत्या, भिकनाथाची शेवटची लेक, माझ्या पाठीला तेल-हळद लावत होती. आत्याला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण गावातलं सगळं तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचायचं. मी जीव मुठीत धरून पडलो होतो, कारण तिच्या बापाची खोटी शपथ मी खाल्ली होती आणि तिच्या हातात गरम तेलाची वाटी होती.

"उकंड्या," आत्या म्हणाली, "एवढं कुठं लागलं तुले?"

"डबी पडली होती. उचलाले वाकलो."

आत्याचा हात थांबला. मग तिची बोटं माझ्या पाठीवरून हळूहळू फिरली, अंधारात उंबरठा शोधावा तशी.

"इथं दोन," ती म्हणाली. "आन् खाली हा एक. बाले बी इथंच होते."

मी मान वळवली. "काय होतं?"

"वळ. जन्मभर गेले नाई. मीच तेल लावत होती, दार लावून. कोणाले सांगू नोको म्हणे."

मी उठून बसलो. तेलाची वाटी कलंडली, पण तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं. आत्या सांगत गेली. ती लहान होती, माळावर गोवऱ्या वेचायला गेली होती, आणि परत येताना ढगानं गाठलं. बा मारुतीसमोर त्रिशूळ घेऊन उभा होता. गारा सुटल्या तशी गावानं दारं लावून घेतली, एका दाराला फट राहिली नाही. ती धावत येऊन बाच्या पायाला बिलगली. आणि बा फिरला. ढगाकडं पाठ केली आणि तिच्यावर वाकला. गारा थांबेस्तोवर तसाच राहिला.

"म्या इचारलं होतं त्याले मंग," आत्या म्हणाली. "म्हटलं बा, तुम्ही तं ढगाले पाठ नाई दाखवत ना? काय म्हणे ठावं हाय?"

"काय?"

"चिलीम पडली होती म्हणे. उचलाले वाकलो."

आत्या हसायला लागली. तोंडात दात नव्हता, पण हसणं असं की गोठ्यातल्या गाईनं मान वर केली. मग मीही हसलो. पाठ ठणकत होती, तरी हसलो.

असा माझा घात झाला. आयुष्यात मी एकच गोष्ट खरी सांगितली, तीही नकळत आणि तीही शपथेवर.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. आत्या गेली. सोलर अजून उभं आहे. बेबीनंदाची सून आता मुकादम आहे. आभाळ हिरवट झालं की बाया माझी वाट पाहत नाहीत, वीज असो नसो, हँडल घेऊनच बाहेर पडतात. पारावर मी अजून गोष्टी सांगतो. नदी पिणारा ढग लोक ऐकून घेतात, टरबुजाएवढी गारही चालते. पण भिकनाथानं ढगाला पाठ दाखवली म्हटलं की सगळे हसतात आणि म्हणतात, बुवा, ही मात्र जास्तच झाली. मी वाद घालत नाही.

काळमेघ मॅडम आता फार मोठ्या झाल्या, दूर कुठंतरी याहून दसपट सोलर सांभाळतात. पण फाल्गुन सरत आला की त्यांचा फोन येतो.

"बुवा, डबी आहे ना खिशात?"

"हाय ना जी," मी म्हणतो, आणि खिशावर हात ठेवून पाहतो. असते.

तंबाखू सोडून मला किती वर्षं झाली, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.